वहिनींची सांगलीवाली

माणसं उतारवयात आपल्या वयात येण्याच्या आठवणी लिहितात, तेव्हा त्यात शाळा असते, मास्तर असतात, चोरून खाल्लेल्या कैऱ्या असतात. माझ्या वयात येण्यात यातलं काहीच नाही. मी वयात आले तेव्हा माझं पेन्शन सुरू होऊन बराच काळ लोटला होता, टाळूवरचे केस विरळ झाले होते आणि सगळं गाव मला 'मेजर' म्हणत होतं. फौजेत मी हवालदाराच्या वर कधी चढले नाही, पण आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, दुरुस्ती करत कोण बसणार! तर पहिलं तारुण्य त्या मेजरला गेलं. परेड, पहाटेचा बिगूल, बर्फात गारठलेली बोटं, सुट्टीवर आलं की दारात रांग लावून बसलेले मुलींचे बाप आणि त्यांना नकार देताना आईची उडणारी तारांबळ. ते सगळं माझ्यासमोर घडलं, पण माझं घडलं असं मला कधी वाटलं नाही. माझं वयात येणं त्याच्या पुष्कळ नंतर आलं, मोबाईलमधून. त्यातही आरशासमोर तासन्‌तास गेले, उगाच हसू आलं, उगाच रडू आलं आणि घरच्यांपासून लपवाछपवी तर इतकी केली की सोळा वर्षांच्या पोरीनं माझ्याकडं शिकवणी लावावी.

रहिमतपूरपासून थोडं आत आमची वस्ती. चहूबाजूंनी ऊस, मध्ये स्लॅबचं घर, घराला लागून गोठा. घरात मी, माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणते, आणि दादाची बायको इंदूवहिनी. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, तो दिवाळीला येऊन बुंदीचे लाडू खाऊन जायचा. दादाचा एक कान गेलेला होता आणि दुसऱ्या कानानं तो फक्त विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकायचा. मोटार बंद पडली की झोपेतही उठून बसायचा, पण शेजारी बसून त्याला हाक मारली तर कळायचं नाही. घरात जे काही समजून घ्यायचं ते वहिनी समजून घेत. त्या रागावल्यात का खुशीत आहेत हे त्यांच्या तोंडावरून कधी ओळखू यायचं नाही, ते जेवताना ताटात ओळखायचं. खुशीत असल्या की शेंगदाण्याची आमटी दाट आणि सौम्य, वर तुपाची धार. बिनसलं असलं की कांदा-लसणाच्या चटणीचा हात सैल सुटायचा आणि आम्ही दोघे भाऊ, म्हणजे तेव्हा आम्ही दोघे भाऊच होतो, डोळे पुसत मुकाट्यानं जेवायचो. 'का हो वहिनी?' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. बाहेर उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं जायचे आणि ते गेले की घर पुन्हा इतकं शांत व्हायचं की भाकरी थापल्याचा आवाज गोठ्यापर्यंत यायचा.

अशा घरात माझ्या हातात मोबाईल आला. लोक त्यावर कुस्त्या बघतात, बैलगाडीच्या शर्यती बघतात. मी एक दिवस एका बाईचं बोलणं ऐकलं. ती सांगत होती, की मी जन्मले मुलगा म्हणून, पण कधीच मुलगा नव्हते. इतकं साधं वाक्य. मी ते थांबवलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की हा आजार जगात एकट्या मलाच झालाय आणि त्याला नावसुद्धा नाही. आजार नव्हता, नावही होतं आणि आपल्यासारखी माणसं थेट सांगलीपर्यंत होती. त्या बाईच्या व्हिडिओखाली मी भीत भीत दोन ओळी लिहिल्या, नंबर टाकला आणि त्यातून बेबीताईंचा फोन आला.

बेबीताई सांगलीच्या. त्यांचा चटणी कांडायचा डंक आहे, त्यामुळे त्यांचा फोन आला की आधी धाडधाड आवाज येतो, मग शिंक येते आणि मग बेबीताई येतात. पहिल्याच फोनला त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "खरी हायस का गंमत बघाया आलीस? गंमत बघायची आसंल तर जत्रा लय हायत, तिकडं जा." मी खरी आहे हे सांगता सांगता मी रडायलाच लागले. पलीकडं डंक थांबला. बेबीताई म्हणाल्या, "बरं बरं, रडू नगंस. घेतली तुला." आणि मी ग्रुपात गेले. ग्रुपचं नाव होतं 'ठिबक सिंचन सल्ला'. घरच्या कुणी मोबाईल उचलून बघितला तरी शंका येऊ नये म्हणून कुणा शहाणीनं ते ठेवलं होतं. आमच्या घरी त्याचा उलटाच परिणाम झाला. दादानं ते नाव एकदा वाचलं आणि महिनाभर माझ्या मागं लागला, मलापण त्यात घाल म्हणून.

त्या ग्रुपात ठिबक सोडून सगळं असायचं. सकाळी चहाचे फोटो, कुणाच्या ब्लाउजचं बिघडलेलं माप, कुणाची रक्ततपासणी, कुणाच्या आईनं आज पहिल्यांदा ताट वाढलं त्याची बातमी, वांग्याच्या भरताची भांडणं. आणि वय मोजायची रीत तिथं निराळी होती. जी जेव्हा आली, तो तिचा जन्म. त्या हिशेबानं मी सगळ्यांत धाकटी ठरले. खंडाळ्याची चैत्राली, कंपनीत कामाला जाणारी, माझ्या पुतण्यापेक्षाही लहान, पण ती माझी ताई झाली. मला 'बाळ' म्हणायची. "बाळ, जेवलीस का? बाळ, सनस्क्रीन लाव, काळी पडशील." मी उभं आयुष्य रंगरुटांना उन्हात पळवण्यात घालवलं होतं, आणि आता कंपनीच्या बसमधून एक पोरगी मला उन्हात जाऊ नको म्हणून दम देत होती. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं. बाळ म्हणून घ्यायची माझी हौस तोवर कुणी पुरवलीच नव्हती.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा पोरींनी मला अशी अशी नावं सुचवली की ती उच्चारायला दात नीट लागतात. मी म्हटलं, मला शालन व्हायचंय. ग्रुपात हसण्याचा पाऊस पडला. "अगं, ते आमच्या आज्जीच्या वयाच्या बायकांचं नाव!" मी म्हटलं, मीपण त्याच वयाची आहे. माझ्या वर्गात एक शालन होती, तिच्या दोन वेण्यांकडं बघण्यात माझी अख्खी चौथी गेली. मास्तरांना वाटायचं, पोरगं आतापासूनच चालू आहे. मला ती नको होती हो, मला त्या वेण्या हव्या होत्या.

मग चैत्रालीनं माझा आवाज हातात घेतला. आवाज छातीतून काढायचा नाही, वर टाळूतून काढायचा, हळू सोडायचा, शेवटाला थोडा वर न्यायचा. रोज सराव पाहिजे. आता घरात सराव कुठं करणार? गोठा तेवढा मोकळा. म्हणून धार काढताना मी चंद्री म्हशीशी बायकी आवाजात बोलायला लागले. "चंद्रे, उभी ऱ्हा गं बाई. कशी हायस? दमलीस का?" फौजेतून आल्यापासून चंद्री माझ्या घोगऱ्या 'हां, हां'वर पान्हा सोडत होती. हा नवा आवाज ऐकून तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी लाथ मारून बादली उलटी केली. डेअरीला दूध कमी जायला लागलं. माझं पहिलं जाहीर बाईपण नाकारलं ते समाजानं नव्हे, म्हशीनं. हे मी ग्रुपात सांगितलं तर बेबीताई शिंकायच्या थांबेनात. पण मीही नेट सोडला नाही आणि हळूहळू चंद्रीला त्या आवाजाची सवय झाली. आता तिची रेडी माझ्या हाताखाली आहे आणि तिला माझा दुसरा कुठला आवाज माहीतच नाही.

हे सगळं चाललं होतं, तरी ती खरी गोष्ट नव्हती. खरी गोष्ट होती औषधं. सांगलीत एक डॉक्टर होत्या, आमच्यासारख्यांना नीट वागवणाऱ्या, तपासून, रक्त बघून मग गोळ्या देणाऱ्या. ग्रुपातल्या बऱ्याच जणी त्यांच्याकडं जायच्या. मला जायचं होतं. त्या वयात त्या गोळ्यांनी माझं फार काही फुलणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण जे थोडं होईल ते या जन्मी व्हावं अशी आस लागली होती. त्यासाठी मी सिगारेट सोडली. फौजेतली सिगारेट. "बाई व्हायचंय का धुराडं?" असं बेबीताईंनी विचारलं आणि रक्ताच्या गाठी कशा होतात ते असं रंगवून सांगितलं की उरलेलं पाकीट मी उसात भिरकावलं. पण बेबीताईंची आणखी एक अट होती, आणि त्या अटीशिवाय त्या कुणालाच डॉक्टरांपर्यंत नेत नसत. घरातल्या एका माणसाला माहीत पाहिजे आणि पहिल्या खेपेला ते माणूस बरोबर पाहिजे.

अट उगाच नव्हती. चैत्रालीनं सुरुवातीला कुणालाच न विचारता, कुठलासा व्हिडिओ बघून मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या आणि शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या होत्या. एक दिवस तिचा पाय सुजून लाल झाला, श्वास लागला. दवाखान्यात डॉक्टर विचारतायत, हा मुलगा कसली औषधं घेतो, आणि तिची आई शपथेवर सांगतेय की माझं लेकरू सुपारीसुद्धा खात नाही. चैत्रालीला बोलायचं त्राण नव्हतं. ती वाचली, कारण तिनं कसंबसं बेबीताईंना फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला. तेव्हापासून हा नियम. "तू बेसुध पडलीस तर डॉक्टरला काय म्हस सांगनार हाय?" असं बेबीताईंनी मला विचारलं. म्हशीचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

घरातलं माणूस म्हणजे वहिनी, दुसरं कोण? मी ठरवायचे, आज सांगायचं. चुलीपाशी जाऊन बसायचे. वहिनी भाकरी थापता थापता विचारायच्या, "काय पायजे भावजी?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "काय न्हाई, जरा मीठ द्या." असं मी त्या दिवसांत इतकं मीठ मागितलं की वहिनींनी मला रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. भीती साधी होती. फौज सुटल्यावर ही वस्ती, हे दोघं, हा गोठा, एवढंच माझं जग उरलं होतं. वहिनींनी मान फिरवली तर त्या घरात मी कोण म्हणून राहणार? आणि न सांगावं तर डॉक्टरांचं दार बंद. अशी मी दोन्हीकडून अडकले आणि सांगलीला फेऱ्या मात्र वाढल्या, कधी बेबीताईंकडं, कधी पोरींबरोबर बाजारात. एका फेरीत मी मोरपंखी रंगाचं पातळ घेतलं आणि फौजेच्या लोखंडी ट्रंकेत, गणवेशाच्या खाली दडवलं.

एका दुपारी दादा उसाला पाणी द्यायला गेला होता. वहिनी ओट्यावर सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोरून चालले होते तर म्हणाल्या, "भावजी, बसा हितं."

मी बसले. वहिनींनी आणखी चार शेंगा फोडल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला समदं ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"सांगलीची हाय न्हवं ती?"

मला काही कळेना. वहिनी सूप खाली ठेवून माझ्याकडं वळल्या. "आवं, म्या काय आंधळी हाय का भैरी? फोन घिऊन लाजता. अंगाला पावडरीचा वास येतुया. आठ-पंधरा दिसाला सांगली. आन् गोठ्यात फोनवर तिच्यासंगं बोलता, म्या माझ्या कानानं ऐकली तिला. आवाज जरा घोगरा हाय, पर बाई हाय."

इथं मला खरं लिहिलं पाहिजे. त्या क्षणी जीव घशात आला होता, पण त्या घशातच कुठंतरी गुदगुल्या झाल्या. माझा आवाज भिंतीपलीकडून ऐकून एका बाईनं तो बाईचा ठरवला होता! हे ताबडतोब चैत्रालीला कळवावं असं मला वाटलं. पण वहिनी थांबायला तयार नव्हत्या.

"ट्रंकंत पातळ हाय. म्या हुडकलं न्हाई, डांबराच्या गोळ्या ठेवाया उघडली हुती ट्रंक. रंग जरा भडक हाय. गोरी हाय का ती?"

"न्हाई," मी म्हटलं. "माझ्यावानीच हाय."

"वय?"

"माझ्याच वयाची."

"मग बरं हाय. पोरीबाळीच्या मागं लागला असता तर म्या ह्या घरात ऱ्हाऊ दिलं नसतं. लेकरंबाळं?"

"न्हाईत."

"सोभावानं कशी हाय?"

मी विचार करून म्हटलं, "भित्री हाय लय."

वहिनींचा चेहरा मऊ झाला. त्या उठून आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात खण होता, नारळ होता, तांदूळ होते, हळदीकुंकवाची कुयरी होती. बाई घरी आली की तिची ओटी भरतात, त्याची सगळी तयारी. कधीपासून करून ठेवली होती कोण जाणे. म्हणाल्या, "ह्या वयात चोरून कशापायी? तिला तिकडं झुरत ठिवायची आन् तुमी हितं मीठ मागत फिरायचं. तुमच्या दादास्नी म्या सांगतो. घिऊन या तिला. म्या तिची वटी भरतो आन् घरात घेतो. लोकं बोलत्याल आन् गप बसत्याल."

एवढ्या मोठ्या मनाची चूक माझ्यासमोर ताटात मांडलेली होती. त्या चुकीच्या आडोशाला मी आणखी काही दिवस सुखानं राहू शकले असते. पण त्या बाईनं न बघितलेल्या परक्या बाईसाठी खण आणला होता, आता तिच्याशी खोटं बोलणं मला जमेना.

"वहिनी," मी म्हटलं, "ती आली हाय."

"कुठं?" त्यांनी पदर सावरून रस्त्याकडं पाहिलं.

"हितं. तुमच्या म्होरं बसलीया."

त्यांनी माझ्या मागं पाहिलं. मागं गोठ्याची भिंत होती. मग मी गोठ्यातला तो आवाज काढला, टाळूतला, थरथरणारा, आणि सांगितलं की वहिनी, तुम्ही ऐकलात तो माझाच आवाज, पातळ माझंच, पावडरपण माझीच. लहानपणापासूनचं सगळं सांगितलं. शेजारच्या फुटलेल्या बांगड्या जमवणं, दोन वेण्या, फौजेत अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जाणं, आलेली स्थळं का मोडली ते. एकदा सुटल्यावर मला थांबता येईना. वहिनी ताटाची कड तशीच धरून होत्या. शेवटी त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "म्हंजी, घर सोडून जानार व्हय तुमी? देवाला सोडल्यागत?"

"न्हाई वहिनी. हितंच ऱ्हानार, तुमी ऱ्हाऊ दिलं तर. मला फकस्त दवाखान्यात जायचं हाय. त्याला घरातलं एक मानूस लागतं."

वहिनी उठल्या. ताट तसंच ओट्यावर राहिलं. त्या मळ्याकडं निघून गेल्या आणि ऊस मध्ये येईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. त्या रात्रीच्या आमटीत तिखट नव्हतं आणि मीठही नव्हतं. तरी दादानं आणि मी, दोघांनीही मागितलं नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वहिनी माझ्याशी फक्त म्हशींबद्दल बोलायच्या. 'वैरण टाकली का', 'पाणी दावलं का'. 'भावजी' हा शब्द त्यांनी तोंडातून काढूनच टाकला होता आणि त्या जागी दुसरा काही घातला नव्हता. त्यांनी मला हाक मारायचीच सोडली. ते ताट त्यांनी उचलून आत नेलं, पण त्यातला खण कपाटात परत गेला का नाही हे बघायचा मला धीर झाला नाही. ग्रुपात मी रडले. चैत्राली म्हणाली, "बाळ, माझी आई दोन दिवाळ्या बोलली नव्हती." बेबीताई डंकाच्या धडाडीतून ओरडल्या, "गप ऱ्हा. बाई इचार करती तवा तिला ढोसू नगंस." याच दिवसांत वहिनींनी दादाच्या चांगल्या कानाशी बसून त्याला काहीतरी बराच वेळ सांगितलं. दादानं ऐकलं, मान हलवली आणि मला बोलावून विचारलं, "उद्या पान्याची पाळी तू बघनार का मी?" मी म्हटलं, मी बघते. तो बरं म्हणाला. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मात्र त्यानंतर ठिबकच्या ग्रुपात घाल म्हणून तो कधी मागं लागला नाही.

डॉक्टरांकडं जायचा दिवस बेबीताईंनी आधीच घेऊन ठेवला होता. 'तुझं मानूस आलं तर नेते, न्हाई तर माघारी धाडीन' असं बजावून. मी नेहमीची पँट-शर्ट घातली, चंद्रीची धार काढली आणि गाडी गाठायला निघाले. पायरी उतरले तर मागून चपला वाजल्या. वहिनी, लग्नाला जायची साडी, हातात भाकरी बांधलेलं फडकं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला गुडघं दावायचं हायत." गेली कित्येक वर्षं दादा त्यांना गुडघे दाखव म्हणून सांगत होता आणि त्या उडवून लावत होत्या. पॅसेंजरमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि किर्लोस्करवाडी मागं पडेपर्यंत बाहेरचा ऊस बघत होत्या. मग भाकरी सोडली, माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "त्या गोळ्यांनी जिवाला काय व्हत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, तेच विचारायला आपण चाललोय.

सांगलीच्या स्टेशनावर बेबीताई उभ्या होत्या, हिरव्या काठाची साडी, हातभर बांगड्या, भुवयांवर मिरचीची लाल पूड. वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी देवाचं नाव घेतलं. वहिनींनी विचारलं, "चटनीत ब्याडगी किती घालता?" बेबीताईंनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, तेवढ्यानं नुसता रंग येतो. बेबीताई म्हणाल्या, मग तुमीच या कांडाया. दवाखाना येईपर्यंत रिक्षात दोघींचं जुंपलेलं होतं आणि मधल्या सीटवर मी दोन्हीकडून कोपरं खात होते.

डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. "बरोबर कोण आलंय?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "म्या वहिनी." वहिनी हे नातं सोयीचं असतं, दिराचीही वहिनी आणि दुसऱ्या कुणाचीही वहिनीच. त्यांनी कुठं पाय अडकवून घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मनातून मी खट्टू झाले. डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघितला, सिगारेट सुटल्याचं ऐकून शाबासकी दिली. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. या वयात पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कातडीवर लावायचं औषध बरं, सुरुवात थोड्यापासून, काय बदलेल, काय कधीच बदलणार नाही, हाडांची काळजी कशी घ्यायची, सगळं सांगितलं. वहिनी माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या. गुडघ्यांचं नावही त्यांनी काढलं नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "पाय सुजला, छातीत दुखलं, दम लागला, तर एक मिनिटही थांबायचं नाही, लगेच आणायचं. पण ते ओळखायला घरात कुणीतरी हवं. यांच्याकडं लक्ष कोण ठेवेल?"

बेबीताई माझ्याकडं बघत होत्या. मी टेबलाच्या कडेकडं बघत होते. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, खुर्ची पुढं ओढली आणि डॉक्टरांना सांगायला लागल्या.

"म्या ठेवीन. दुसरं कोन हाय? आवं डॉक्टरीणबाई, माझं लगीन ठरवाया माझ्या बानं लय घरं पालथी घातली हुती. शेवटाला हेच घर धरलं, का तर सासू गरीब, दीर एकच आन् नणंद न्हाई. नणंद न्हाई म्हंजी पोरगी सुखात ऱ्हाईल म्हनला. समद्या भावकीत म्या एवढी वरसं मिरवली, मला नणंदंचा तरास न्हाई म्हणून. आता गुडघं गेल्यावर ही आली बगा. पातळ बी घेतलंया, मला न इचारता, असलं भडक." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांकडं वळल्या. "पर आता आलीया तर तिला नीट बघा. नणंद मला एकच हाय."